नद्यांच्या मागे, गाडीत एकटी: पुणे–महाबळेश्वर–चिपळूण–कराड, चार दिवस

पहिल्यांदा एकटीनं गाडी काढली तेव्हा घरच्यांनी एकच विचारलं, "भीती नाही वाटणार?" कुणीतरी विचारायला हवं होतं ते वेगळंच: "बघणार कधी?" घाटात गाडी चालवणाऱ्याला दरी दिसत नाही. त्याला दिसतं पुढचं वळण, समोरून येणारा टेम्पो आणि आरशात चिकटलेला मागचा घाईवाला. शेजारी कुणी असलं की तो दरी बघतो आणि आपल्याला वर्णन ऐकवतो. एकट्यानं निघालं की बघायचं तर गाडी थांबवावीच लागते. म्हणून ही सहल किलोमीटरवर आखायची नाही, थांब्यांवर आखायची. खाली लिहिलेलं सगळं या एका गोष्टीतून आलेलं आहे.

मार्ग असा: पुणे, वाई, महाबळेश्वर, आंबेनळी घाटानं पोलादपूर, खेड, चिपळूण, कुंभार्ली घाटानं कोयनानगर, पाटण, कराड आणि महामार्गानं परत. सगळं मिळून सुमारे पाचशे किलोमीटर. घाईवाले दोन दिवसांत करतात. नव्यानं गाडी घेऊन निघणाऱ्यानं चार दिवस घ्यावेत, तीन मुक्काम.

हाच मार्ग निवडायचं कारण पाणी. महाबळेश्वरच्या एका डोंगरावरून कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेकडे जातात, सावित्री आणि गायत्री पश्चिमेकडे. आपण कृष्णेच्या काठानं वर चढतो, सावित्रीच्या खोऱ्यात उतरतो, वाशिष्ठीच्या काठी झोपतो, कोयनेसोबत परत देशावर येतो आणि जिथं कोयना कृष्णेला भेटते तिथं थांबतो. गाडी गोल फिरते, पण वाट कुठंही दुसऱ्यांदा तीच लागत नाही. लागते ती फक्त शेवटी, सुरूरपासून पुण्यापर्यंत.

कधी निघायचं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हे घाट दिसतात सुंदर, पण पहिल्या खेपेला नको. जून ते सप्टेंबर आंबेनळीत दरडी येतात, रस्ता बंद होतो, धुक्यात कठडा दिसत नाही. जुलै २०२१ च्या पावसात हा रस्ता जागोजागी खचला होता. पाऊस पडून गेल्यावरच्या ओल्या रस्त्यापेक्षा पावसाची पहिली सर जास्त वाईट, कारण उन्हाळाभर सांडलेलं ऑइल आणि धूळ तेव्हा रस्त्यावर साबणासारखी पसरते.

शनिवार-रविवार टाळा. वेण्णा तलावापाशी सुट्टीच्या दिवशी जी रांग लागते, तिच्यात अर्ध्या क्लचवर तासभर काढलात तर क्लच आणि डावा पाय, दोन्ही कामातून जातात. मंगळवारी निघून शुक्रवारी परत, हा माझा ठरलेला हिशेब.

आधी गाडी

छोटी गाडी पुरते, उलट अरुंद घाटात सोयीची. माझी दहा वर्षांची हॅचबॅक आहे आणि तिनं ही फेरी तीनदा केली आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी गॅरेजात न्या आणि नुसतं "सर्व्हिसिंग करा" म्हणून सोडू नका, नेमकं विचारा: ब्रेकचे पॅड किती उरलेत, ब्रेक ऑइल कधी बदललं, कूलंट पुरेसं आहे का, वायपरचं रबर फाटलंय का, हँडब्रेक चढावर गाडी धरतो का. शेवटचं स्वतः तपासा. घराजवळच्या एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर, रहदारी नसताना, हँडब्रेक ओढून पाय काढून बघा.

आणि स्टेपनी. इथं माझीच गोष्ट सांगते. कोयनानगरजवळच्या हेळवाकच्या पुढं मागचं चाक बसलं. जॅक होता, पाना होता, व्हिडिओ पाहून ठेवला होता. पण नट हलेनात. सर्व्हिसिंगच्या वेळी ते हवेच्या गननं इतके आवळले होते की मी पान्यावर उभी राहिले तरी ढिम्म. शेवटी दूध घेऊन निघालेल्या दोन मुलांनी पान्याला लोखंडी पाइप लावून सोडवले. तेव्हापासून नियम: निघण्याआधी घराखाली चारही चाकांचे नट स्वतःच्या हातानं एकदा सैल करून पुन्हा आवळायचे. गाडीत दीड-दोन फुटांचा पाइपाचा तुकडा ठेवायचा. भंगारवाल्याकडे मिळतो. नट सोडवताना चाक जमिनीवर असू द्या, जॅक नंतर. उलटं केलं तर चाक हवेत फिरत राहतं. स्टेपनीतही हवा भरून घ्या, वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी पाहत नाही.

कागद: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजीलॉकरमध्ये असतातच, पण घाटात रेंज नसते, म्हणून आरसी आणि विम्याची एक छापील प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात. फास्टॅगमध्ये पैसे. शिवाय शंभर-पन्नासच्या नोटा, कारण पाचगणी-महाबळेश्वरच्या नाक्यांवर प्रवासी कर लागतो आणि वाटेतल्या टपरीवर फोनचं पेमेंट रेंजच्या मर्जीवर असतं.

बाकी सामानाची यादी लांबवत नाही. पाच लिटरचा पाण्याचा कॅन (तो इंजिनालाही उपयोगी), टॉर्च, फोनचा चार्जर, ओआरएस, जुनं बेडशीट, दोराची घट्ट गुंडाळी. बेडशीट कशाला? चाक बदलताना रस्त्यावर गुडघे टेकायला.

घरी काय सांगून जायचं

लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका. आंबेनळीत रेंज गेली की नकाशावरचा ठिपका थांबतो आणि घरी रडारड सुरू होते. त्यापेक्षा एका माणसाला, एकालाच, रोज सकाळी लिहून पाठवा: आज कुठून कुठं, मध्ये कुठला घाट, आणि "चार वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर काळजी करायची, त्याआधी नाही." मुक्कामाचं नाव-पत्ताही त्यातच. अडचणीला ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. दोन्ही कागदावर लिहून ठेवा, कारण फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावायचे असतात.

नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या. आणि एक सूचना ठळक: फोन "दहा मिनिटं वाचतील" म्हणून कुठल्याशा वाडीतून रस्ता दाखवतो, तो घ्यायचा नाही. सह्याद्रीत नकाशावर रस्ता असणं आणि तिथून गाडी जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या रस्त्यानं एसटी जाते तो आपला रस्ता.

पहिला दिवस: पुणे ते महाबळेश्वर, १२० किलोमीटर

सकाळी सहाला निघा. खेड-शिवापूरचा टोल सातच्या आत पार झाला तर दिवस आपला. शिरवळच्या पुढं खंबाटकी घाट लागतो. हा सरावाचा घाट समजा: रुंद, वर जायला एकदिशा. डावीकडच्या लेनमध्ये ट्रकच्या मागे सावकाश चढा, गिअर कधी पडतो, इंजिन कधी कण्हायला लागतं ते ऐका. घाट उतरल्यावर सुरूरला डावीकडे-उजवीकडे पाट्या नीट वाचून वाईचा फाटा घ्या.

वाईत न्याहारी करा आणि ढोल्या गणपतीच्या घाटावर कृष्णेला पहिली भेट द्या. पण जास्त वेळ ठेवा तीन किलोमीटरवरच्या मेणवलीसाठी. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. तिथं एका छोट्या देवळात मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेली. चर्चची घंटा कृष्णाकाठी येऊन देवळात वाजते आहे. सकाळी आठला घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांशिवाय कुणी नसतं.

वाईत पेट्रोल भरून घ्या. मग पसरणी घाट, साधारण बारा किलोमीटर. आता घाट चढण्याविषयी थोडं सविस्तर, कारण नवखे इथंच घाबरतात.

चढावर गाडी मागं सरकेल ही भीती सगळ्यांना असते. उपाय एकच: थांबावं लागलं तर लगेच हँडब्रेक. निघताना फर्स्ट गिअर, क्लच हळू सोडत न्या, बॉनेट किंचित उचलल्यासारखं झालं की थोडं अॅक्सिलरेटर आणि मग हँडब्रेक खाली. पुढच्या गाडीला चिकटून थांबू नका, तीही मागं सरकते. वळणाच्या आधी गिअर खाली आणा, वळणात नाही. वळण आंधळं असेल तर हॉर्न द्या आणि उत्तराचा हॉर्न येतोय का ते ऐका, त्यासाठी गाणी बंद आणि काच दोन बोटं खाली. समोरून एसटी येत असेल तर यू आकाराच्या वळणावर तिला पूर्ण रस्ता लागतो. वळणाच्या खालीच, डावीकडे, थांबून राहा. एसटीचा ड्रायव्हर हात वर करून जातो, तेवढीच पावती.

मागं रांग लागली की नवख्याला लाजल्यासारखं होतं आणि तो वेग वाढवतो. नका वाढवू. जागा मिळाली की डावा इंडिकेटर देऊन बाजूला घ्या, सगळ्यांना जाऊ द्या. त्या निमित्तानं खाली वाई आणि कृष्णेची वळणंही बघून होतात. बाजूला घेताना मात्र कठड्याच्या कडेला नाही, मोकळ्या सपाट जागेवर, आणि गाडी गिअरमध्ये ठेवून उतरा.

पाचगणी मी सरळ ओलांडते. पुढं केट्स पॉइंटला मात्र थांबा: खाली बलकवडी आणि धोम या दोन धरणांचं पाणी एकापाठोपाठ दिसतं. ही तीच कृष्णा, सकाळी वाईत पाहिलेली.

दुपारी जेवून, आराम करून क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगा मंदिरात पाच नद्यांच्या धारा आहेत, शिवाय आणखी दोन नावं: भागीरथी दर बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी वाहते अशी श्रद्धा. गर्दी असेलच. तिथून चालत थोड्या अंतरावर कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथं गोमुखातून पाणी पडतं आणि माणसं फार येत नाहीत. माझ्या मते महाबळेश्वरात एकच ठिकाण बघायचं असेल तर ते हे. संध्याकाळी ऑर्थर सीट. समोर जी खोल दरी आहे ती सावित्रीची. उद्या तिच्यातच उतरायचं आहे.

मुक्काम निवडताना खोलीच्या फोटोंपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे. गाडी आवारात लागते का, आणि मालक तिथंच राहतात का. एकट्या बाईला "सोबत कोण?" असं विचारलं जाईल. मी पूर्वी चिडायचे. आता "काम आहे" एवढंच सांगते, आणि ते खोटंही नाही. अंधारात मुक्काम शोधायची वेळ येऊ देऊ नका, पाचच्या आत खोलीची किल्ली हातात.

दुसरा दिवस: आंबेनळी उतरून चिपळूण, सुमारे ११५ किलोमीटर

हा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात अवघड दिवस. धुकं असेल तर नऊपर्यंत खोलीतच थांबा. वाटेत धुकं लागलंच तर लो बीम. हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही.

उताराची शिस्त जुने ड्रायव्हर एका वाक्यात सांगतात: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे सेकंड, फार तर थर्ड. न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही, पेट्रोल वाचवायच्या नावाखाली सुद्धा. इंजिन गाडीला मागं ओढून धरतं, ब्रेक फक्त वळणाआधी, दाबून सोडायचा. मी पहिल्या खेपेला थर्ड-फोर्थमध्ये, सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरले. खाली पोचता पोचता जळक्या रबराचा वास सुटला आणि ब्रेकचं पॅडल भुसभुशीत लागायला लागलं. पोलादपूरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबले. एक टेम्पोवाले काका वास घेऊनच म्हणाले, "ताई, ब्रेकवर पाय ठिवून झोपलावता काय?" त्यांनी मला अर्धा तास बसवून ठेवलं, मी गरम चाकावर पाणी ओतायला निघाले तर ते ओरडले ("डिस्क वाकंल!"), आणि गिअरचं वर सांगितलेलं वाक्य त्यांनीच शिकवलं. तुमच्यावर ही वेळ आली तर तेच करा: थांबा, हँडब्रेक न ओढता गाडी सपाटीवर गिअरमध्ये ठेवा, चाकांमागे दगड लावा, अर्धा तास वाट पाहा.

समोरून गाडी आली आणि रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. नियमही तोच आहे. उतरणारी गाडी थांबून पुन्हा निघू शकते, चढणारीला ते जड जातं. पलीकडचा माणूस नियम पाळेलच असं नाही, तेव्हा वाद नको.

महाबळेश्वरहून रस्ता आधी कोयनेच्या खोऱ्यात उतरतो. वाडा कुंभरोशीजवळून पार गावाला फाटा आहे, तिथं कोयनेवर शिवकालीन दगडी पूल अजून उभा आहे. थोडी वाकडी वाट, पण जा. पुलाखालचा प्रवाह पाहून ठेवा, ओढ्याएवढा आहे. उद्या याच नदीला धरणात पाहाल तेव्हा ओळख पटणार नाही.

मग प्रतापगड. गाडी खाली तळावर लागते. काचा पूर्ण बंद करा, माकडं अर्धवट उघड्या काचेतून पिशवी काढतात, आणि खाण्याचं काही सीटवर दिसू देऊ नका. १० नोव्हेंबर १६५९ चा अफझलखानाचा प्रसंग इथं झाला हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो गड तिथंच का बांधला हे मात्र गाडीनं आल्यावरच पटतं. बुरुजावर उभं राहिलं की एका हाताला कोयनेचं खोरं, दुसऱ्या हाताला कोकण. पावसाचा थेंब या धारेवर चार पावलं अलीकडे पडला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो, पलीकडे पडला तर सावित्रीतून अरबी समुद्रात. इथला थांबा मी दोन तासांचा ठेवते.

गडावरून पुढं खरी आंबेनळीची उतरण. पोलादपूर येईपर्यंत पेट्रोल पंप, मेकॅनिक, रेंज यातलं काही मिळेल असं धरू नका. ताशी २५-३० चा वेग पुरे. हा घाट चुकीला माफ करत नाही. जुलै २०१८ मध्ये सहलीला निघालेली एक बस इथं दरीत कोसळली होती. घाबरवायला सांगत नाही, फोनवर बोलत उतरणारे रोज दिसतात म्हणून सांगते.

पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि अचानक सगळे वेगात. घाटातून आलेल्या डोळ्यांना तो वेग झेपत नाही, म्हणून इथं चहा घेऊनच पुढं निघा. काशेडी घाटात आता बोगदे झाले आहेत. खेडला जगबुडी नदी ओलांडली, लोटे मागं पडलं, परशुराम घाट उतरला की समोर वाशिष्ठी आणि चिपळूण.

चिपळुणात नदीकाठचा मुक्काम घ्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात इथं बाजारपेठ पाण्याखाली होती. दुकानदारांना विचारलं तर हात डोक्याच्या वर नेऊन पाणी कुठवर होतं ते दाखवतात. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत आणि होडीतून त्या दाखवायला नेतात. होडीत बसायचं, काठावर पाय सोडून बसायचं नाही.

संध्याकाळी माशाचं ताट आणि सोलकढी. एकटं जेवायला संकोच वाटत असेल तर सातलाच जा, मालकाला बोलायला वेळ असतो आणि आज ताजं काय आलंय ते खरं सांगतो.

तिसरा दिवस: कुंभार्ली चढून कोयनानगर, ४५ किलोमीटर

अंतर मुद्दाम कमी ठेवलंय. कालचा थकवा आज खांद्यांत उतरतो. आणि माशाचं जेवण काल रात्रीच उरकायला लावलं त्याचं कारणही सांगते: दुपारी भात-मासे खाऊन घाट चढायला घेतला की तिसऱ्या वळणावर डोळे जड होतात. शेजारी चिमटा काढायला कुणी नाही.

नदी पाहायला आलेल्या माणसाला हा दिवस सगळ्यात जास्त देतो. चिपळूण सोडल्यावर रस्ता वाशिष्ठीच्या खोऱ्यानं अलोरे-पोफळीकडे जातो. उन्हाळ्यातही वाशिष्ठीला पाणी असतं, आणि ते पाणी कोकणातलं नाही. ते कोयनेचं आहे. कोयनेनं पूर्वेला जायचं, कृष्णेला मिळायचं. पण धरणात अडवलेलं तिचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, खाली पोफळीच्या वीजगृहांत सोडतात, त्यावर वीज होते आणि मग ते वाशिष्ठीत येतं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात आहे. डोंगराच्या पोटात, जलाशयाच्या तळाला आतून भोक पाडून पाणी घ्यायचं 'लेक टॅपिंग' १३ मार्च १९९९ ला झालं. वीजगृहं जमिनीखाली आहेत आणि वाटेल त्याला आत सोडत नाहीत, तेव्हा दारावर जाऊन हुज्जत घालू नका. पण पोफळीच्या आसपास गाडी थांबवून वर बघा. ज्या कड्यावर आता तुम्ही चढणार आहात, त्याच्या आतून पाणी खाली येतंय.

कुंभार्ली घाटात ट्रक भरपूर. ओव्हरटेक करायची खुमखुमी ठेवू नका, ट्रकच्या मागं तीन गाड्यांचं अंतर ठेवून चढा. भरलेला ट्रक चढावर गिअर बदलताना क्षणभर थांबतो, कधी मागंही येतो. ट्रकवाल्यानं हात हलवून "जा" म्हटलं तरी आपल्या डोळ्यांना पुढचा रस्ता दिसत नसेल तर जाऊ नका, त्याची नजर वेगळ्या उंचीवर असते. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद, आणि सपाट जागा पाहून थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

घाटमाथ्यावरून मागं वळून कोकण बघा आणि पुढं हेळवाक. महाबळेश्वरपासून दक्षिणेला, सह्याद्रीला समांतर धावत आलेली कोयना इथं काटकोनात वळून पूर्वेला निघते.

कोयनानगरात धरण नेहरू उद्यानाच्या उंचवट्यावरून छान दिसतं. १०३ मीटर उंच, पोटात शंभरावर टीएमसी पाणी. धरणावर कॅमेरा घेऊन जायला मनाई असते, सुरक्षारक्षकाशी वाद नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाची आठवण इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून तारखेसकट आहे. चहाच्या दुकानात विषय काढला की गप्पा तासभर चालतात. एकट्या प्रवाशाला ही माणसं जितकी बोलतात तितकी चौघांच्या घोळक्याला बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वेळ असेल तर नवजाच्या बाजूला ओझर्डे धबधबा. नोव्हेंबरात पाणी उतरलेलं असतं, पण रान हिरवं असतं. हा सगळा अभयारण्याचा भाग, अंधाराच्या आत परत या. गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर थांबा, दिवे मंद करा, हॉर्न अजिबात नाही. तो आपणहून जातो. घाई करावीशी वाटली तर त्याचं वजन तुमच्या गाडीएवढं असू शकतं हे लक्षात ठेवा.

चौथा दिवस: कराड आणि घर, २१५ किलोमीटरच्या आसपास

पाटणवरून कराडपर्यंत रस्ता कोयनेच्या सोबतीनं उतरत जातो. खोरं रुंद होतं, ऊस सुरू होतो. आणि उसासोबत येतो या भागातला खरा धोका, ज्याबद्दल डोंगराच्या धास्तीत कुणी बोलत नाही: ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं जोडलेल्या दोन ट्रॉल्या. हंगामात त्या रात्रंदिवस चालतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. अंधारात त्या रस्त्यावर उभ्या भिंतीसारख्या असतात. म्हणून या भागात सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. दिवसा ओव्हरटेक करताना दोन ट्रॉल्यांची लांबी मोजून मगच बाहेर काढा, आणि सपाटीवर सांडलेल्या उसावर ब्रेक मारू नका.

कराडला प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळून एकत्र निघतात. नद्या सहसा एकमेकींना तिरक्या येऊन मिळतात, इथं तोंडावर येतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि जवळच कृष्णामाईचं देऊळ. पहिल्या दिवशी गोमुखातून पडणारी धार, दुसऱ्या दिवशी पारच्या पुलाखालचा ओढा, आणि आता हे. मी इथं भेळ घेऊन पायऱ्यांवर बसते. गाडी आधीच सावलीत लावा, इथून घर तीन-साडेतीन तास आहे आणि तापलेल्या गाडीत ते नको होतात.

महामार्गाला लागलात की तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे टोल. साताऱ्याला जीव असेल तर संगम माहुली, तिथं वेण्णा कृष्णेला मिळते, म्हणजे पूर्वेच्या तिन्ही बहिणींचा हिशेब पुरा होतो. नसेल तर कंदी पेढे घेऊन पुढं. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढचा उतार वर्षानुवर्षं अपघातांसाठी बदनाम आहे. बोगद्याच्या आतच वेग कमी करा, बाहेरच्या उजेडात डोळे दिपतात. चार दिवस घाट उतरल्यानंतर "हे काय, सरळ रस्ता" असं वाटतं तीच जागा.

खर्च विचाराल तर पेट्रोल ३३ ते ३५ लिटर लागतं. घाटात सरासरी कमी पडते, तेव्हा गाडीच्या जाहिरातीतला आकडा धरून हिशेब करू नका. बाकीचा खर्च मुक्काम आणि माशांवर.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी धुवा, खालून सुद्धा. चाकांचे नट पुन्हा एकदा पान्यानं बघा. ब्रेक दाबताना घर्र आवाज येतोय का ऐका. आणि पाइपाचा तो तुकडा डिकीतून काढू नका.